चार फुटांवरचा डेक आणि कठड्याआड गेलेली बाग

आमचं घर मध्य न्यू जर्सीत आहे. घर १९९४ चं, मागचा डेक, म्हणजे घराला जोडलेला उघडा लाकडी चौथरा, १९९८ चा. डेकचं साल टाऊनशिपच्या परमिटच्या कागदांत सापडलं. स्वयंपाकघराच्या सरकत्या काचेच्या दारातून बाहेर आलं की सोळा फूट रुंद आणि बारा फूट खोल डेक, जमिनीपासून ४८ इंच उंच. इकडच्या उपनगरांत हे दृश्य घरोघरी दिसतं. तळघराच्या भिंती जमिनीच्या वर निघालेल्या असतात, त्यामुळे पहिला मजला उचललेला असतो, आणि दाराच्या पातळीला यायचं म्हणून डेकही वर जातो. त्यावर कठडा, एका कोपऱ्यात ग्रिल, मधे टेबल-खुर्च्या.

बाग डेकच्या समोर होती, तरीही डेकवर बसलं की ती दिसत नव्हती. आणि डेकवरून बागेत जायचं तर घराला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागे, कारण पायऱ्या डाव्या बाजूला, ड्राइव्हवेकडे तोंड करून होत्या. उतरायचं, एसीच्या कंडेन्सरला वळसा घालायचा, डेकच्या कडेने मागे यायचं. ही सगळी ४६ पावलं होती. दारापासून भाजीचा वाफा सरळ रेषेत मोजला तर ३२ फुटांवर.

माझी आई दर वर्षी एप्रिलअखेर येते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला देवरुखला परत जाते. आमचा बागेचा हंगामही नेमका तेवढाच. इथे वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं मे महिन्याच्या मध्यापर्यंत बाहेर लावता येत नाहीत, रात्रीच्या थंडीने जातात. ऑक्टोबरात पुन्हा रात्रीचं दव गोठू लागतं. बाग खऱ्या अर्थाने आईची आहे. मेथी, लाल माठ, वांगी, मांडवावर पडवळ आणि कारली. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती बागेत दिवसातून एकदाच जायला लागली, तेही कुणी सोबत असेल तर. बाकीचा वेळ कठड्याला धरून उभी. बसली की काही दिसत नाही म्हणून उभी.

सुतळीने केलेलं मोजमाप

सुरुवातीला आम्हाला वाटलं की प्रश्न कठड्याचा आहे. उभ्या लाकडी गजांचा जुना कठडा, गज जवळजवळ, वरून रुंद पट्टी. तो काढून काचेचा किंवा तारांचा लावला की दिसायला लागेल, अशी कल्पना. दोन कोटेशनंही आणली. काचेचं कोटेशन पाहून नवरा गप्प झाला. शिवाय मे महिन्यात ओक आणि पाइनचे पिवळे परागकण इथे गाडीवर, खिडक्यांवर थरच्या थर बसतात; काचेचा कठडा त्या दिवसांत रोज पुसावा लागला असता. तारांचा स्वस्त पडत होता. पण तारा बोटाने दाबल्या की वाकतात, म्हणून कठड्यातली फट चार इंचांहून मोठी नको या नियमात बसण्यासाठी त्या तीन-तीन इंचांवर लावतात आणि ताणून धरायला दोन्ही टोकांना दणकट खांब लागतात. म्हणजे दृश्यात पुन्हा आडव्या रेघा आणि जाड खांब.

निर्णय घेण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि सगळं प्रकरण तिथेच फिरलं. आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं, कठड्यापासून सहा फुटांवर. तिच्या डोळ्यांची उंची डेकच्या फळ्यांपासून ४५ इंच भरली. कठड्याची वरची पट्टी ३६ इंचांवर. सुतळीचं एक टोक तिच्या डोळ्याच्या उंचीला काठीला बांधलं, सुतळी पट्टीवरून नेली आणि मुलगा दुसरं टोक ताणून धरत सरळ कुंपणापर्यंत चालत गेला. सुतळी जमिनीला टेकलीच नाही. कठड्यापासून ४५ फुटांवरच्या कुंपणाला ती जमिनीपासून साधारण १६ इंचांवर लागली.

हिशेब सोपा आहे. डोळा पट्टीपेक्षा नऊ इंच वर आणि पट्टी ७२ इंच दूर, म्हणजे नजर आठ इंच पुढे जाते तेव्हा एक इंच खाली उतरते. डोळा जमिनीपासून ९३ इंचांवर असल्याने नजर जमिनीला टेकायला ६२ फूट लागतात. आमच्याकडे तेवढं अंगणच नाही. कठड्यापासून वीस फुटांवर, जिथे वाफा आहे, तिथे साडेचार फुटांपेक्षा बुटकं जे काही असेल ते सगळं गजांच्या मागे. मेथी, माठ, वांगी, मिरची, सगळंच. पट्टीवरून दिसत होता तो फक्त पडवळाचा मांडव, आणि कुंपणाचा वरचा भाग.

काच लावली असती तर वाफा दिसला असता, हे खरं. पण उतरायची अडचण तशीच राहिली असती. आई खुर्चीतून उठली, जुन्या पायऱ्यांपाशी गेली आणि वरच्या पायरीच्या उभ्या बाजूला वीत लावली.

"बघ, वीतभर आहे ही. आपल्या मागच्या दारच्या जांभ्याच्या पायऱ्या आठव. त्यावर मी अजून हात न धरता उतरते."

मोजलं तर रायझर, म्हणजे पायरीचा उभा चढ, आठ इंच आणि पाऊल ठेवायची जागा जेमतेम नऊ इंच. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत आज रायझर जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि पायरी कमीत कमी दहा इंच खोल धरतात. हे आकडे धडधाकट माणसासाठी. आई एका पायरीवर दोन्ही पाय टेकवते आणि मगच पुढची घेते. नऊ इंचांत तिचा पाऊणच पाय मावत होता.

दिसत नाही त्याचं कारण उंची, आणि उतरता येत नाही त्याचंही कारण उंचीच. हे लक्षात आल्यावर कठड्याची दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवली.

ठरवलं ते

वरचा डेक तसाच ठेवायचा, कारण तो दाराच्या पातळीला आहे आणि दार हलवणं शक्य नव्हतं. बागेकडच्या बाजूला कठड्याचा मधला आठ फूट भाग कापून तिथून रुंद पायऱ्या उतरवायच्या. पायऱ्यांच्या तळाशी दुसरा डेक, दहा फूट खोल, चौदा फूट रुंद, जमिनीपासून फक्त १८ इंचांवर.

हा १८ चा आकडा मुद्दाम निवडला. संहितेनुसार चालायची पातळी जमिनीपासून ३० इंचांहून वर असेल तरच कठडा सक्तीचा. १८ इंचांवर तो लागत नाही, म्हणजे नजरेच्या आड काहीच नाही. खालच्या डेकवर कडेपासून चार फुटांवर खुर्ची टाकली तर कडेपलीकडे १९ इंचांवर जमीन दिसायला लागते. वर याच गोष्टीला कठड्यापलीकडे ५६ फूट लागत होते. शिवाय १८ इंच ही खुर्चीच्या बैठकीची उंची. डेकची कड आपोआप ओटा होते.

वरून खाली ३० इंच, म्हणजे सहा-सहा इंचांचे पाच रायझर. खालून जमिनीपर्यंत तेवढेच तीन. पूर्वी सहा चढ होते, आता आठ झाले, पण प्रत्येक चढ दोन इंचांनी कमी.

पायरीची खोली किती ठेवायची यावर मात्र बरीच चर्चा झाली. काम करणाऱ्या सुतारांचं म्हणणं १४ इंचांचं होतं, कारण त्याहून खोल केली की चालणाऱ्याची लय तुटते: एका पावलात पायरी संपत नाही आणि दोन पावलं पडत नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण आम्ही जुन्या फळ्या ठोकळ्यांवर मांडून ११, १४ आणि पावणेसतरा इंचांच्या नमुन्याच्या पायऱ्या केल्या आणि आईला चढ-उतार करायला लावली. १४ वर तिची टाच मागच्या फळीला घासत होती. पावणेसतरावर, म्हणजे साडेपाच इंची तीन फळ्या आणि मधल्या फटी, दोन्ही पाय पूर्ण टेकून ती थांबू शकत होती. तेच पक्कं केलं. नवरा पहिले पंधरा दिवस घाईत उतरताना अडखळायचा, आता सवय झाली. ज्याच्यासाठी पायरी आहे त्याचं पाऊल आधी मोजावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

फळ्या उघडल्यावर

डेकचा जो भाग घराच्या भिंतीला जोडलेला असतो त्याला लेजर बोर्ड म्हणतात. डेकचं जवळजवळ निम्मं ओझं त्यावर येतं. आमचा लेजर नुसत्या खिळ्यांवर होता. वर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, नव्हतं, त्यामुळे भिंत आणि लेजर यांच्या फटीत पंचवीस वर्षं पाणी मुरत होतं. मधल्या चार फुटांत स्क्रूड्रायव्हर लाकडात लोण्यात जावा तसा गेला. याच डेकवर आम्ही गणपतीत तीस-तीस माणसं जेवायला बसवली आहेत.

खिळा खाली दाबणाऱ्या ओझ्याला बऱ्यापैकी टिकतो, पण बाहेर ओढणाऱ्या ताणाला टिकत नाही. माणसं कठड्याशी एकत्र जमली, हलली, की डेक घरापासून बाहेर ओढला जातो. कुजणाऱ्या लाकडाबद्दल तर बोलायलाच नको. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला पाचव्या मजल्यावरची बाल्कनी अशीच आतून कुजलेल्या तुळयांमुळे कोसळली आणि सहा तरुण जिवांना मुकले. आमचा डेक चार फुटांवरचा, पण आई रोज त्यावर उभी असते. लेजर पूर्ण बदलला. अर्धा इंच जाडीचे बोल्ट एक वर एक खाली अशा ओळीत, वर फ्लॅशिंग, ते भिंतीच्या आवरणाच्या आत सरकवलेलं. ज्यांचा डेक जुना आहे त्यांनी बाकी काही नाही तरी खाली वाकून लेजरला बोल्टची डोकी दिसतात का एवढं पाहावं.

दुसरी गोष्ट लाकडाची. फळ्यांना जुनी हिरवट छटा होती. २००३ अखेरपर्यंत घरगुती डेकसाठी इथे जे प्रक्रिया केलेलं लाकूड सर्रास मिळायचं, त्यात तांबं आणि क्रोमियमसोबत आर्सेनिक असायचं. त्यानंतर उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते बंद केलं. १९९८ च्या डेकचं लाकूड तेच असणार हे आम्ही धरून चाललो होतो. धक्का बसला तो वेगळ्याच ठिकाणी. भाजीच्या वाफ्याच्या कडेच्या फळ्याही त्याच हिरवट लाकडाच्या निघाल्या. आधीच्या मालकांनी डेकच्या उरलेल्या तुकड्यांचा वाफा केला होता. त्याच वाफ्यातली मेथी आम्ही सहा वर्षं खाल्ली. अशा लाकडातून आर्सेनिक पावसाबरोबर लगतच्या मातीत थोडं थोडं उतरतं. आम्ही फळ्या काढल्या, वाफ्यातली सगळी माती उपसून कुंपणाकडच्या झुडपांखाली टाकली, आणि भाजीसाठी नवी माती आणली. जुनं लाकूड जाळायचं नाही, त्याचा भुसा कंपोस्टमध्ये घालायचा नाही, कापताना मास्क लावायचा. हे तिन्ही नियम काटेकोर पाळले. वरच्या डेकचे जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया, ठणठणीत होते ते ठेवले, चालायच्या फळ्या बदलून देवदाराच्या घेतल्या. प्लॅस्टिकमिश्रित फळ्यांना देखभाल कमी लागते, पण जुलैच्या उन्हात त्या फार तापतात, आणि आई अनवाणी चालते.

जमिनीखाली

खणण्याआधी ८११ ला फोन करावा लागतो. मग वीज, गॅस, पाणी, केबल यांची माणसं येऊन आपापल्या वाहिन्या रंगांनी दाखवून जातात. आमच्या गवतात नारिंगी झेंड्यांची रांग उभी राहिली, कुंपणापासून घरापर्यंत, अगदी खालच्या डेकच्या उजव्या खांबाच्या नियोजित खड्ड्यावरून. नारिंगी म्हणजे केबल. खांब दोन फूट आत सरकवला आणि तुळईचं टोक तेवढं पुढे काढलं.

पण हे लोक फक्त कंपन्यांच्या वाहिन्या दाखवतात. घरमालकाने स्वतः पुरलेलं काही असेल तर ते त्यांना माहीत नसतं. छपराच्या पन्हळीचं पाणी बागेच्या टोकाला नेणारा एक प्लॅस्टिकचा पाइप जमिनीखाली होता, तो आम्हालाही ठाऊक नव्हता. यंत्राने तो पहिल्याच खड्ड्यात फोडला. पाइप वळवून जोडून घेतला आणि त्याचा नकाशा आता परमिटच्या फाइलला टाचून ठेवला आहे.

इथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि फुगते, म्हणून फूटिंग, म्हणजे खांबांचा काँक्रीटचा पाया, गोठणरेषेच्या खाली जावं लागतं. आमच्याकडे ३६ इंच. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टरने खड्डे पाहायचे असतात. ते येण्याच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला. सकाळी सहा खड्ड्यांत सहा डबकी. नवरा, मुलगा आणि मी बादल्यांनी पाणी उपसलं, तळाची मऊ झालेली माती काढली, आणि पुन्हा तपासणीची तारीख घेतली. काम आठ दिवस लांबलं. खालच्या सांगाड्यासाठी जमिनीलगत वापरायला चालणारं लाकूड घेतलं, कारण १८ इंचांच्या फटीत हवा कमी खेळते. आजच्या प्रक्रियेत तांबं जास्त असतं, ते साधं पोलाद खातं. म्हणून स्क्रू आणि जोडपट्ट्या गरम जस्तात बुडवलेल्या.

आता कसं आहे

नवा वाफा डेकच्या पुढच्या कडेला समांतर केला. उंची २४ इंच, आणि डेकची कड व वाफा यांच्यात २२ इंचांची वाट. उतरायच्या तीन पायऱ्या त्यामुळे उजव्या बाजूला घेतल्या. आई कडेवर बसते, पाय वाटेत सोडते आणि समोरच्या वाफ्यात हात घालते. वाकावं लागत नाही, उकिडवं बसावं लागत नाही. वाफ्याचा अर्धा भाग तिच्या हाताच्या टप्प्यात येतो. पलीकडच्या अर्ध्यात वांगी आहेत, ती आम्ही काढतो.

जूनमधल्या एका सकाळी मी दारातून पाहिलं तेव्हा ती तिथेच होती. मांडीवर स्टीलचं ताट, बोटांना माती. मेथी मुळासकट उपटायची, कडेवर झटकायची, मुळं नखाने तोडून परत वाफ्यात टाकायची, पानं ताटात. मी हाक मारली तर मागे न बघता म्हणाली, "चहा इथेच आण गं." घरातून बागेत जाऊन ती परत आत न येता तासभर तिथे राहिली, हे शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच घडलं.

एक फायदा आम्ही मोजलाच नव्हता. कठड्याचा मधला आठ फूट भाग गेल्यामुळे आणि तो नेमका सरकत्या दारासमोर असल्यामुळे, जेवणाच्या टेबलावर बसूनही नजर वरच्या डेकवरून, पायऱ्यांवरून सरळ वाफ्यावर जाते. आई गेल्यावर, नोव्हेंबरात, त्या टेबलावरून बाग कशी पिवळी पडत जाते ते मी या वर्षी पाहिलं.

काही गोष्टी नंतर दुरुस्त केल्या. संहिता १८ इंचांना कठडा मागत नाही, पण संध्याकाळच्या प्रकाशात देवदाराची कड आणि खालची माती एकाच रंगाची दिसते. आई एकदा कडेच्या अगदी जवळ जाऊन थबकली, पाऊल उचललेलं होतं. दुसऱ्याच दिवशी खालच्या डेकच्या चारही कडांना आणि प्रत्येक पायरीच्या टोकाला गडद रंगाची फळी बसवायचं ठरवलं, आणि पायऱ्यांत छोटे दिवे. वरच्या पायऱ्यांना हाताचा कठडा दोन्ही बाजूंना होताच. खालच्या तीन पायऱ्यांना नियमाप्रमाणे लागत नसतानाही एका बाजूला लावला. हे सगळं पहिल्याच आराखड्यात असायला हवं होतं. डोळे सत्तरीतले असतील तर नियमात काय आहे यापेक्षा कड दिसते का हे आधी तपासायला हवं.

आठ फूट रुंद पायऱ्यांचा मधला भाग कठड्यापासून लांब पडतो, हाही एक दोष. आई कडेकडेनेच उतरते, त्यामुळे तिला अडत नाही. पण फक्त तिच्यासाठी असत्या तर मी पाच फूट केल्या असत्या. रुंदी ठेवली ती दृश्यासाठी, आणि त्या रुंदीला १६ इंचांवर एक अशी सात स्ट्रिंजर, म्हणजे पायऱ्यांना खालून धरणारी तिरकी लाकडं, लागली. खर्च तिथे वाढला.

तुळशीची कुंडी आता खालच्या डेकच्या डाव्या कोपऱ्यात असते. थंडी सुरू झाली की ती घरात घ्यावी लागते; आधी भरलेली कुंडी आठ इंची पायऱ्यांवरून वर चढवायला दोघं लागायचे. या ऑक्टोबरात मुलाने ती एकट्याने प्रत्येक पायरीवर टेकवत टेकवत वर आणली.

राहिलेलं काम एक आहे. खालच्या डेकच्या पोकळीत सप्टेंबरात ग्राउंडहॉगने, म्हणजे इथल्या बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्याने, बीळ केलं. तो दिवसाढवळ्या शेंगांचा वेल फस्त करतो. डेकभोवती जाळी लावायची आहे, ती जमिनीत फूटभर खाली नेऊन बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे तो कडेला खणू लागला की जाळीवर अडतो. बीळ रिकामं आहे याची खात्री झाल्यावर, जमीन मऊ झाली की मार्चमध्ये ते उरकायचं आहे. आईचं तिकीट २६ एप्रिलचं आहे, आणि पडवळाचं बी ती या वेळी जास्त लावणार आहे.